गिटारच्या पोटात

रविवारची दुपार, जेवण अंगावर आलेलं, आणि तारा छेडायचं चपटं प्लेक्ट्रम हातातून सुटून गिटारच्या पोटात पडलं. ज्यांनी कधी गिटार हातात धरली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. गिटार डोक्यावर उपडी धरायची, मातीच्या गल्ल्यातून नाणं काढावं तशी हलवायची, मान वाकडी करून भोकात बघायचं. प्लेक्ट्रम खुळखुळत असतं, भोकाच्या काठापर्यंत येतं आणि परत आत जातं. दहा मिनिटांच्या या कसरतीनंतर बाहेर आलं ते असं: शेंगदाण्याचं एक टरफल, पालीच्या अंड्याचं कवच आणि पिवळ्या कागदाचा एक कपटा.

कपटा लेबलाचा होता. आतल्या बाजूला चिकटवलेलं लेबल, बाकीचं कसरीने केव्हाच खाल्लेलं. एवढीच खूण उरली होती, तीही आता माझ्या तळहातावर. 'कलकत्ता' मधला 'कल' तेवढा वाचता येत होता, तोही इंग्रजीत.

ही गिटार मामाची. चितपूर रस्त्यावर वाद्यांच्या दुकानांची रांगच्या रांग आहे, तिथलीच कुठली तरी असणार. कंपनीचं नाव सांगत नाही, पण त्या काळच्या बऱ्याच नावांसारखंच ते होतं: एका जगप्रसिद्ध नावातलं एक अक्षर बदललेलं. जत्रेत बिस्किटांच्या पुड्यावर असतं ना, लांबून तेच, जवळ गेल्यावर दुसरंच. लहानपणी मला वाटायचं की स्पेलिंग चुकलंय. मामा म्हणायचा, "चुकलेलं नाही रे, चुकवलेलं आहे."

तेव्हापासून मला एक खोड लागली. कुणाच्या घरी कोपऱ्यात गिटार दिसली की लोक 'वाजवा ना' म्हणतात, मी मोबाईलची बॅटरी लावून आत बघतो. ओळखीचं मोठं नाव दिसलं की माझा उत्साह मावळतो. आता यांना काय विचारायचं? किंमत विचारली तर तेच दुखावतात. पण अनोळखी नाव असलं, की मग चहा दोनदा होतो.

मडगावला असाच एकदा तीनदा झाला. मित्राचे काका तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला होते. इटलीच्या कुठल्याशा बंदरातून त्यांनी आणलेली इलेक्ट्रिक गिटार भिंतीला टांगली होती. रुपेरी, चमचमती, लग्नाच्या बँडवाल्याच्या ड्रमवर असतो तसला चकाकता पत्रा असावा असं वाटलं. हात लावला तर प्लास्टिक. आणि तारांच्या वरच्या बाजूला बटणांची ओळ, दाबली की खट्ट वाजणारी. गिटारला इतकी बटणं कशाला? नाव होतं एको. मग कळलं की हा सगळा अकॉर्डियनचा संसार आहे. इटलीत रेकानाती गावच्या ओलिव्हिएरो पिजिनीने 1959 मध्ये ही कंपनी काढली. तो सगळा पट्टाच अकॉर्डियन बनवणाऱ्यांचा, शेजारचं कास्तेलफिदार्दो तर त्यासाठीच प्रसिद्ध. पोरांना अकॉर्डियन नकोसं झालं, गिटार हवी झाली. मग अकॉर्डियनला मढवायचं तेच चकचकीत प्लास्टिक गिटारला मढवलं, तसलीच बटणंही बसवली. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणूनच! उघडायला गेलं की फुगेल असं वाटतं."

वाजायला ती बरी होती. बरीच म्हणतो, उत्तम नाही.

उत्तम म्हणायचंच तर माझा जीव डॅनइलेक्ट्रोवर आहे. न्यू जर्सीचा नेथन डॅनियल हा मुळात अ‍ॅम्प्लिफायर बनवणारा, सिअर्ससारख्या कॅटलॉगवाल्या दुकानांना पुरवणारा. 1954 पासून तो गिटारीही करू लागला. लाकडाची चौकट करायची आणि पुढून-मागून मॅसोनाइट ठोकायचं. मॅसोनाइट म्हणजे हार्डबोर्ड हो, ज्यावर आपण शाळेत पॅड म्हणून पेपर लिहिले तो. आणि तारांचा कंप पकडणारे पिकअप? ते लिपस्टिकच्या धातूच्या नळ्यांमध्ये बसवलेले. नळ्या लिपस्टिकवाल्यांकडे तयार मिळत होत्या, मापही बरोबर होतं, संपला विषय. फोटो मोठा करून त्याशेजारी मी घरातली लिपस्टिक धरून पाहिली आहे. त्यावरून जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. पुढे तर त्याने सिअर्ससाठी अशी गिटार केली की तिच्या पेटीच्या झाकणातच अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर. पेटी उघडली, वायर जोडली, झालं सुरू. आपल्या पायपेटीइतकं शहाणं काम.

असल्या स्वस्तातल्या गिटारींवर हात शिकलेल्यांची गणती नाही. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनची पहिली गिटार एग्माँड नावाच्या डच कंपनीची होती, साडेतीन पौंडांची. त्याने तिच्या मानेचा स्क्रू काढून पाहिला आणि मग मान परत बसेना, म्हणून ती कपाटात पडून राहिली. शेवटी भावाने जोडून दिली. मामाची साडेतीनशे रुपयांची. मान शाबूत होती, पण तारा इतक्या उंच की खालून मांजराचं पिल्लू सहज गेलं असतं.

मामा मिरजेला शाळेत गणित शिकवायचा आणि गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवायचा. बोटांना घट्टे पडून पडून शेवटी फोड आले, तेव्हा तो गिटार घेऊन सतारमेकर गल्लीत गेला. मला बरोबर नेलं होतं. मी आठ वर्षांचा, 1986 चा श्रावण.

ती जागा मला अजून डोळ्यांसमोर दिसते. उंबऱ्यापासूनच भोपळे. छताला टांगलेले, भिंतीशी रचलेले, एखादा पोट कापून उताणा पडलेला. पंढरपूरकडून येतात ते. हवेत लाखेचा वास. खाली पाटावर एक म्हातारे कारागीर बसलेले, पायाच्या अंगठ्यात तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, धरून तिच्यावर कानस फिरवत होते. एकदा कानस मारायची, तार छेडायची, डोळे मिटायचे, परत कानस. आम्ही आलो हे त्यांना बऱ्याच वेळाने कळलं.

"या मास्तर. हे काय, दुसऱ्याच देवाची मूर्ती?"

मामाने तारा उंच असल्याची तक्रार सांगितली. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, बोटाच्या पेराने पोटावर टकटक केलं, कान लावला, परत टकटक केलं.

"प्लायवूड आहे."

"हो."

"मग पोटात काय असणार हिच्या," असं म्हणत त्यांनी भोकात डोळा लावला, लेबल दिसलं असावं, "नाव मात्र झकास आहे!"

पण ठेवून घेतली. त्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. तलवारी गेल्या तशी ती बोटं सतारीकडे वळली, या गोष्टीला दीडशेच्या वर वर्षं झाली. हे सगळं मी मोठेपणी वाचलं. तेव्हा मला एवढंच कळलं की या माणसाला नवी अडचण समोर आली की आनंद होतो.

चार दिवसांनी गिटार मिळाली. हाडाची नवीन, रुंद घोडी. तारा बोटाखाली लोण्यासारख्या. मामाने घरी येऊन सगळ्यात जाड तार छेडली आणि गिटार सतारीसारखी बोलली. झण्णकन. आवाज मधमाशीसारखा घोळत, पसरत, मग बारीक होत गेला.

त्यांनी सवयीने जवारी काढली होती.

जवारी म्हणजे तार हलकेच घासून झणझणावी असा घोडीला दिलेला उतार. तंबोऱ्याला ती नसेल तर तो तंबोरा नव्हे. गिटारला असेल तर ती बिघडलेली. तालमीत गायक म्हणाला, "मास्तर, तुमच्या गिटारीत माशी शिरली." सगळे हसले. दुसऱ्या दिवशी मामा गल्लीत गेला, मी अर्थातच मागे. म्हाताऱ्यांनी तार छेडून ऐकली आणि चेहऱ्यावर निव्वळ समाधान.

"आवाज बंद होता मास्तर, उघडला की. आता परत बंद करू?"

मामा काहीच बोलला नाही. गिटार घेऊन घरी आला. त्या वर्षी ऑर्केस्ट्रात त्याने कुणाची तरी उसनी वाजवली. रात्री माजघरात दिवा घालवून ही मांडीवर घ्यायचा आणि तीच एक जाड तार, मोकळी, पुन्हा पुन्हा. आजी आतून ओरडायची, "अरे किती वेळ ते एकच?"

"ऐक ना आई, संपतच नाही हे."

गणपती झाले आणि त्याने घोडी घासून आणली. आवाज परत बंद. मला आठवतं, मला फार राग आला होता. आठ वर्षांच्या पोराला राग यायला काय लागतं म्हणा.

कितीतरी वर्षांनी डॅनइलेक्ट्रोबद्दल वाचताना मी ताडकन उठून बसलो. 1967 साली त्यांनी कोरल या नावाने एक वाद्य काढलं होतं. विनी बेल नावाच्या वादकाची त्यात कल्पना होती. गिटारसारखंच धरायचं, गिटारसारखंच वाजवायचं, बाजूला तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या, तेरा तारा, आणि मुद्दाम केलेली रुंद घोडी, तारा झणझणाव्यात म्हणून. त्यांच्याकडे तेव्हा सतारीचं वेड पसरलेलं, आणि सतार शिकायला कुणाला सवड होती? दोन वर्षांत, 1969 मध्ये कंपनीच बंद पडली. आता त्या कोरलसाठी शौकीन वाट्टेल ते मोजतात. वाटलं, हे आधी मामाला सांगायला हवं. मामा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

बरं, प्लेक्ट्रमचं राहिलंच. संध्याकाळपर्यंत निघालं नाही. कंटाळून गिटार भिंतीला लावून ठेवायला गेलो तर जाड तारेला हात लागला आणि आतून काहीतरी झण्ण केलं. बाकीच्या तारांवर नाही, तेवढ्याच एका सुरावर. प्लेक्ट्रम कुठेतरी आतल्या पट्टीला अडकून थरथरत असणार. मी दिवा घालवला आणि बराच वेळ तीच एक तार वाजवत बसलो. आतल्या खोलीतून विचारणा झाली, मी ऐकलं नाही असं दाखवलं.

ते आता काढणार नाही. वाजवायला दुसरं शोधतो. मामा साबणाच्या डबीच्या झाकणातून कापायचा, पण हल्ली तसल्या डब्या मिळतात कुठे.