नाव बदललेलं त्रैमासिक आणि अडकलेलं लेबल – माझा अनुभव

ग्रंथालयात येणाऱ्या नवीन अंकांना लेबल लावायचं काम माझ्याकडे आहे. पाकीट फोडा, अंक सिस्टिममध्ये 'आला' म्हणून नोंदवा, शिक्का मारा, लेबल चिकटवा, रॅकवर ठेवा. हात बसला की गठ्ठाच्या गठ्ठा भराभर होतो. पण एका त्रैमासिकाने असा काही वैताग दिला की अजून आठवलं तरी चिडचिड होते.

त्या त्रैमासिकाने नाव बदललं. मुखपृष्ठावर पहिलाच शब्द नवीन आणि खाली बारीक टायपात जुनं नाव. वर्ष आणि अंक क्रमांक मात्र पुढचेच चालू, त्यामुळे सहकारी म्हणाले, क्रमांक जुळतोय ना, मग जुन्यातच टाक. मला ते पटेना. मी बारकोड बघितला. नियतकालिकांचा बारकोड ९७७ ने सुरू होतो आणि पुढचे ७ आकडे म्हणजे आयएसएसएनचे, म्हणजे नियतकालिकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचे, पहिले ७ (आठवा तपासणी आकडा त्यात घेत नाहीत). ते आपल्या नोंदीशी जुळतच नव्हते. आयएसएसएन नवीन म्हणजे नोंदही नवीन हवी आणि लेबलही नवीन नावाचं.

नवीन नोंद करायचा अधिकार मला नाही, तो तालिकीकरण (कॅटलॉगिंग) विभागाचा. फॉर्म भरून अंक पाठवला तर तसाच परत, वर शेरा की नाव बदलल्याचं प्रकाशकाचं पत्र जोडा. अहो, अंकावर छापलंय, संपादकीयात अख्खा परिच्छेद आहे, आणखी कसलं पत्र? नावाच्या पहिल्या ५ शब्दांत बदल झाला की तो साधारणपणे मोठा बदल धरतात आणि नवीन आयएसएसएन मिळतो. 'मासिक' किंवा 'जर्नल' असा प्रकार सांगणारा शब्द नुसता वाढला किंवा गळला तर तो किरकोळ. आमच्या केसमध्ये तर शंकेला जागाच नव्हती. पण शेरा म्हणजे शेरा. मग मी अंक पुरवणाऱ्या एजंटला मेल केला, एजंटने प्रकाशकाला, आणि तिकडून काही उत्तरच नाही. तोवर अंक माझ्या ड्रॉवरमध्ये. वाचक येऊन विचारायचे, अंक आला का हो? आणि मला आलाय पण देता येत नाही असं सांगावं लागायचं, याचं मला खरंच वाईट वाटायचं. त्यात सिस्टिमने जुन्या नावाचा अंक 'उशीर' मध्ये टाकला आणि एजंटला स्मरणपत्र गेलं, त्यांचं उत्तर, अंक पाठवलाय. बरोबरच होतं त्यांचं! हे सगळं चालू असताना पुढचा अंकही येऊन पडला.

शेवटी मी पत्राचा नाद सोडला. संपादकीयाची झेरॉक्स काढली, आयएसएसएन पोर्टलवर दोन्ही नावांच्या नोंदी उघडून प्रिंट काढल्या (साधी नोंद बघायला पैसे लागत नाहीत) आणि ते घेऊन थेट विभागप्रमुखांच्या टेबलापाशी गेले. त्यांनी बघितलं आणि तिथल्या तिथे सही केली. नवीन नोंदीत ७८० या, आधीच्या नावाच्या रकान्यात जुनं नाव, जुन्या नोंदीत ७८५ या, पुढच्या नावाच्या रकान्यात नवीन नाव, झालं. प्रिंटरमधून नवीन नावाचं लेबल बाहेर आलं तेव्हा इतकं हायसं वाटलं! आपण जुन्यातच ढकललं नाही याचा अभिमान आहे मला.

म्हणून सांगते, अंकावर आयएसएसएन बदललेला दिसला तर पहिल्याच दिवशी त्या प्रिंट काढून फॉर्मला जोडा, पत्राची वाट बघत बसू नका. हो, आणि लेबल कुठे लावायचं ते राहिलंच, नाव, वर्ष-अंक, तारीख आणि बारकोड झाकला जाणार नाही अशा मोकळ्या कोपऱ्यात, सगळ्या अंकांवर एकाच जागी. कव्हर गुळगुळीत असेल तर शिक्क्याची शाई पसरते, वाळल्याशिवाय अंक एकमेकांवर रचू नका. जोडअंक आला, समजा ३-४, तर दोन्ही क्रमांक एकदमच नोंदवा, नाहीतर ४ चं स्मरणपत्र उगाच जातं. पाकिटात पुरवणी आहे का तेही बघा, तिला वेगळं लेबल लागतं.

आणि नाव बदललेल्याची नवीन नोंद झाली की जुन्या नोंदीवर 'अपेक्षित' दिसणारे पुढचे अंक लगेच बंद करून घ्या, मी पाठपुरावा करून ते करून घेतलं तेव्हा कुठे ती स्मरणपत्रं थांबली.