तो रस्ता मी का सांगत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. एरवी हा विषय मी माझ्यापुरता मिटवून ठेवला होता. गेल्या चार वर्षांत हा प्रश्न मला नागपूरच्या सायकलस्वारांनी विचारला, गोंदियाच्या एका डॉक्टरांनी विचारला, माझ्याच शाळेतल्या सहकाऱ्यांनी विचारला, आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत, वाढपी वरणाची बादली घेऊन समोर उभा असताना विचारला गेला: "मॅडम, नवेगावबांधच्या पलीकडचा, तळ्यांच्या पाळीवरून जाणारा तुमचा तो रस्ता नेमका कोणता? नकाशा का पाठवत नाही?" मी हसून विषय बदलते. त्यावरून मी आपमतलबी आहे, असा निष्कर्ष काहींनी काढला आहे आणि एकाने तो तोंडावर सांगितलाही: "रस्ता सरकारचा आहे, तुमच्या सासऱ्यांचा नाही." बरोबर आहे. माझ्या सासऱ्यांकडे साधी सायकलसुद्धा नव्हती.

असे रस्ते शोधण्याची रीत मात्र मी कधीच लपवलेली नाही. पिवळ्या माथ्याचा किलोमीटरचा दगड दिसला की तो राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या माथ्याचा दिसला की राज्य मार्ग. या दोघांकडे पाठ करावी आणि नारिंगी माथ्याच्या दगडामागे जावे, कारण तो ग्रामसडकेचा असतो. नाल्यावर पुलाऐवजी रपटा असेल तर आणखी उत्तम. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी जाते, त्यामुळे जड वाहनांचे चालक त्या रस्त्याची सवयच लावून घेत नाहीत. अगदी बारीक चाकांची सायकल आणू नये, कारण डांबर उखडले की खाली नुसती गिट्टी असते, आणि जंगल विरळ होते तिथे बाभळीचा काटा हमखास भेटतो.

आमच्याकडचे, म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधच्या बाजूचे रस्ते इतके वळणावळणाचे का, हेही मी विचारणाऱ्याला सांगत आले आहे. कोहळी समाजातल्या लोकांनी आणि मालगुजारांनी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांनी, जमिनीचा उतार पाहून पाळी बांधल्या, पाळीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेते, काढली, बांध्यांच्या कडेने गाव वसले, आणि रस्ता सर्वांत शेवटी आला, तोही तळ्याला वळसा घालूनच. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तेव्हा ही तळी सरकारी दप्तरात 'माजी मालगुजारी' आणि लोकांच्या तोंडी 'मामा तलाव' झाली. पूर्व विदर्भात ती सहा हजारांहून अधिक आहेत. एवढ्या पाण्यातून सरळ रेघेत जाणारा रस्ता कुठून सापडणार? ज्याला घाई असते तो साकोली-कोहमाऱ्याच्या महामार्गाने निघून जातो, आणि उरलेला रस्ता आमचा असतो. 'आमचा' म्हणताना त्या काळी माझ्या डोळ्यांसमोर फक्त सायकल चालवणारे असत.

काहींना वाटते की वाघाच्या भीतीने मी सांगत नाही. तसेही नाही. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, २०२२ मध्ये रानहत्तींचा कळप गडचिरोलीतून आमच्या तालुक्यात येऊन गेला, मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या बाजूच्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या गेल्या. हे सगळे खरे आहे आणि त्यामुळे मी पुरते उजाडल्याशिवाय घराबाहेर सायकल काढत नाही. पण मार्च-एप्रिलमध्ये भल्या पहाटे टोपली घेऊन मोहाखाली वाकलेल्या बायका ज्या जंगलात पोटासाठी जातात, त्या जंगलाच्या कडेने हौसेसाठी, डोक्यावर हेल्मेट घालून जाणाऱ्या माझ्यासारखीने भीतीच्या गोष्टी सांगू नयेत, असे मला वाटते.

कारण वेगळे आहे. हा रस्ता मी एकदा सगळ्यांना सांगितला होता, आणि तो सांगताना एक गोष्ट गाळली होती.

नोव्हेंबरमधला शेवटचा रविवार होता. मी चार-पाच दिवस आधी सगळ्यांना निमंत्रण पाठवले होते आणि त्यात लिहिले होते: "पंचवीस किलोमीटर, सात तळी, एकही ट्रक नाही, रस्ता पूर्ण मोकळा." सातजण आले. चौघे नागपूरहून आदल्या रात्रीच येऊन थांबले होते, तिघे गोंदियाचे. सकाळी धुके होते, तळ्यात शिंगाड्याच्या वेलांमध्ये डोंगा घालून ढिवर, म्हणजे मासेमार, काम करत होते, आणि पाळीवरून जाताना कोणी एक शब्द बोलत नव्हते. बोलण्याची गरज वाटू नये असा तो रस्ता आहे, आणि तो आपण दाखवला म्हणून मी मनातल्या मनात फुशारले होते, हेही लिहायला हवे.

पाचव्या तळ्याच्या पाळीवरून रस्ता एकदम खाली उतरतो, आंब्याच्या एका जुन्या झाडाला वळसा घालतो आणि गावात शिरतो. आंब्यामुळे पलीकडचे दिसत नाही. सर्वांत पुढे नागपूरचा एक तरुण होता, आमच्यात सर्वांत वेगवान, आणि उताराने त्याला मोह घातला. झाडापलीकडे डांबराची अर्धी रुंदी व्यापून, वीस-पंचवीस पावले लांब, धान वाळत घातलेले होते. कडेला दगडांची रांग आणि तोंडाशी बोरीची एक काटेरी फांदी ठेवलेली. त्याने फांदी चुकवली, पण दगड चुकवता आला नाही. धानावर चाक गेले की काय होते, ते ज्याने अनुभवले नाही त्याला सांगून कळत नाही. दाणे गोट्यांसारखे चाकाखालून निसटतात आणि ब्रेक दाबला तर सायकल आडवीच होते. मी वळणावर पोहोचले तेव्हा तो धानात पालथा पडलेला होता, हेल्मेटला उभी चीर गेली होती, हनुवटीतून रक्त येत होते आणि उजवा खांदा भलत्याच ठिकाणी दिसत होता.

ज्यांचे धान होते त्या आजी तिथेच, हातात कोंबड्या हाकलायची काठी घेऊन, नातवाला शेजारी बसवून राखणीला बसल्या होत्या. आमच्यापैकी दोघे त्याला उचलायला धावले, तेव्हा त्यांनीच ओरडून थांबवले: "हात नोको लावा जी, हाड मोडला असंल." मग त्यांच्या घरून खाट आली, पाणी आले, भाजीची एक पिकअप अर्धी रिकामी करून घेण्यात आली, आणि चार माणसांनी त्याला खाटेसकट वर चढवले. हे सगळे चालले असताना आमच्यातला एकजण दगडांच्या रांगेचे आणि धानाचे फोटो काढत होता. मी त्याला विचारले, हे कशाला? तो म्हणाला, "पुरावा." मी त्याला थांबवले नाही. त्या क्षणी मला तेही योग्यच वाटले होते.

पिकअप निघाली आणि मी मागे वळून पाहिले, तेव्हा आजी उकिडव्या बसून रक्त लागलेले धान ओंजळीने वेगळे काढत होत्या. दोन सुपे भरली असतील. त्या कोणाकडे बघत नव्हत्या आणि काही बोलतही नव्हत्या.

गळपट्टीचे हाड मोडले होते. आत धातूची पट्टी बसवावी लागली. पुढच्या आठवड्यात ते फोटो योग्य त्या ठिकाणी पोहोचले, तक्रार झाली, गावात समज देण्यात आली, आणि रस्त्यावरचे सगळे धान एका दुपारी उचलले गेले. आमच्या गटात त्याचे स्वागत झाले. मीही पसंतीचा अंगठा पाठवला.

आता तुम्ही म्हणाल, यात चूक काय? रस्ता वाहनांसाठी असतो, खळ्यासाठी नाही. रात्री दुचाकीवरून येणारा माणूस अशा धानावर घसरला तर जिवाशी जाऊ शकतो. हे मला मान्य आहे, आणि शिक्षिका म्हणून पालकांना मी हेच सांगत आले आहे. पण धान रस्त्यावर का येते, हेही मी त्याच पालकांकडून ऐकत आले होते. सरकारी खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेले धान घेत नाहीत. पूर्वी मळणी खळ्यावर सवडीने होत असे, पुंजणे रचून ठेवत, धान आपोआप वाळत असे. आता यंत्राने कापणी झाली की ओले धान एकदम घरात येते, शेणाने सारवलेले अंगण तेवढे मोठे नसते, आणि नोव्हेंबरच्या कोवळ्या उन्हात डांबराइतकी तापणारी दुसरी जागा गावात नसते. त्यातून आभाळ आले की जीव टांगणीला लागतो. वाळले नाही तर व्यापारी उभाच असतो, त्याच्या भावाने.

हे मला माहीत होते, एवढेच नाही. त्या रविवारच्या आधीच्या मंगळवारी मी एकटी जाऊन तो रस्ता पाहून आले होते. त्याच वळणापलीकडे, त्याच ठिकाणी धान होते. मी सायकलवरून उतरले होते, कडेने चालत गेले होते, आजींशी दोन शब्द बोललेही होते. आणि घरी येऊन मी लिहिले: "रस्ता पूर्ण मोकळा."

मी असे का लिहिले, याचा माझ्याशीच माझा वाद अजून चालू आहे. मी म्हणते, उतारावर सावकाश जा, असे निघण्याआधी तोंडी सांगितले होते. ती तेव्हाची मी उत्तर देते, सावकाश का जायचे ते सांगितले नव्हते. मी म्हणते, चार दिवसांत धान उचलले जाईल असे वाटले. ती म्हणते, खोटे; धानाचा उल्लेख केला असता तर नागपूरचे चौघे कदाचित आले नसते, आणि तुला ते यायला हवे होते. मी म्हणते, त्यानेही वेग आवरायला हवा होता, अनोळखी वळणावर कोणी इतक्या वेगाने जाते का? यावर ती गप्प राहते, पण त्या गप्प राहण्याने माझे समाधान होत नाही.

तो तरुण आता माझ्याशी बोलत नाही. मंगळवारची गोष्ट मी त्याला दवाखान्यात स्वतःहून सांगितली. न सांगता भागले असते, असे माझ्या नवऱ्याचे मत आहे. तो एवढेच म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं." पुढच्या रागाचा काही भाग मला अन्यायाचा वाटला आणि अजूनही वाटतो, पण हे तीन शब्द नाही.

जानेवारीत मी आजींकडे गेले. रिकाम्या हाताने जाववेना, म्हणून पाकिटात दोन हजार रुपये घातले होते. त्यांनी मला ओळखले आणि पहिल्यांदा विचारले, "तो पोरगा बरा हाय का जी?" मी बरा आहे म्हटले. चहा झाला. मग त्यांनी सांगितले की धान उचलायला लावल्यावर ते घरात ढीग करून ठेवावे लागले, तळाचे तापून काळे पडले, केंद्रावरून परत आले, आणि शेवटी व्यापाऱ्याला द्यावे लागले. सांगण्यात तक्रार नव्हती. पावसाचे सांगावे तसे सांगत होत्या. मी पाकीट पुढे केले. त्या नको म्हणतील, आणि मग मी आग्रह करीन, असे काहीतरी मी वाटेत ठरवून आले होते. त्यांनी पाकीट घेतले, नोटा मोजल्या, सुनेला आत विचारून हिशेब केला आणि त्यातले सहाशे रुपये मला परत दिले. "माहा नुकसान एवढा नाई झाला," म्हणाल्या.

त्या सहाशे रुपयांचे काय करावे, हे मला कळले नाही. ते बरेच दिवस सायकलच्या पिशवीत, पंक्चरच्या ठिगळांबरोबर राहिले, आणि एका पावसाळ्यात भिजून गेले.

त्यानंतर मी त्या रस्त्यावर कोणाला नेलेले नाही. तुमच्यापैकी एकीने, मला बरीच जवळची असलेल्या मैत्रिणीने, स्पष्ट विचारले आहे: "म्हणजे तू मात्र जातेस, आणि आम्ही येऊ नये?" होय, मी जाते. धान उचलल्यावर जायचे असे ठरवले होते, पण नोव्हेंबरमध्येही जाते, कारण त्या दिवसांत तळ्यावर बदके उतरायला लागतात आणि त्यावेळी घरी बसणे मला जमत नाही. तेव्हा गावाच्या काळजीने मी रस्ता लपवते, असे मी म्हणू लागले तर त्यावर विश्वास ठेवू नका. त्यात माझ्या एकटीच्या सकाळींचा लोभ किती आणि आजींची आठवण किती, हे मला वेगळे करता आलेले नाही. दुसरीकडे, दहा सायकलस्वार सावकाश, घंटी वाजवत, धानाजवळ उतरून चालत गेले तर कोणाचे काय बिघडणार आहे, या प्रश्नालाही माझ्याकडे धड उत्तर नाही. फक्त एवढे पाहिले आहे की दहाजण एकत्र आले की त्यातला एकजण उतरत नाही.

या नोव्हेंबरमध्ये आंब्यापलीकडे पुन्हा धान होते. या वेळी दगड नव्हते. वळणाच्या अलीकडेच, पाळीवरून दिसेल असे, काठीला लाल चिंधी बांधून रोवलेले होते. आजी दिसल्या नाहीत, सूनही नाही. नातू आता पाचवीत आहे. तोच काठी घेऊन बसला होता आणि त्याने माझ्या सायकलला गिअर किती, ते विचारले. मी सांगितले, कडेने चालत पुढे गेले, आणि धानाच्या टोकाशी पुन्हा सायकलवर बसले.

मागच्या आठवड्यात पुण्याहून एकांनी नकाशा मागितला. त्यांना मी इटियाडोहचा रस्ता सांगितला. तोही चांगला आहे. धरणाचे पाणी दूरवर पसरलेले दिसते, पुढे प्रतापगडला जाता येते, आणि त्या बाजूला तिबेटी लोकांची वसाहतही आहे. रविवारी गाड्या फार असतात, हे मात्र त्यांना आधीच कळवले आहे.