हॅलोवीन करावं का? दारं उघडणार असतील तर जरूर करावं

ऑक्टोबर लागला की आमच्या फॅमिली ग्रुपवर तोच वाद सुरू होतो. हॅलोवीन आपलं नाही, दिवाळी तोंडावर असताना ही भुतंखेतं घरात कशाला आणायची, पोरांना भोंडल्याचं एक गाणं येत नाही आणि भोपळे कोरायला बसतात वगैरे वगैरे. मी राहते बव्हेरियात, म्युनिकपासून ट्रेनने जरा लांब असलेल्या एका छोट्या गावात, आणि मला नवल याचं वाटतं की अगदी हीच वाक्यं मी इथे जर्मन शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकते. हे आमचं नाही, अमेरिकेतून आलंय, दुकानदारांनी माथी मारलंय.

आणि खरं सांगायचं तर त्यांच्याकडे कारणं आपल्यापेक्षा जास्त आहेत. हॅलोवीन येतं ३१ ऑक्टोबरला, आणि तोच प्रोटेस्टंट लोकांचा रिफॉर्मेशन डे, १५१७ साली मार्टिन लूथरने चर्चच्या कारभाराविरुद्ध आपले ९५ मुद्दे मांडले त्याची आठवण. दुसऱ्या दिवशी १ नोव्हेंबरला कॅथलिकांचा सर्व संतांचा दिवस, तो बव्हेरियात सुट्टीचा असतो आणि शांततेचा म्हणून पाळतात, इतका की आदल्या रात्रीच्या पार्ट्यांमधला नाच रात्री दोन वाजता कायद्यानेच थांबवावा लागतो. आमच्या शेजारच्या आजी त्या दिवशी शेवंतीच्या कुंड्या घेऊन नवऱ्याच्या कबरीवर जातात, पालापाचोळा हाताने साफ करतात, दगड पुसून घेतात आणि लाल डब्यातली मेणबत्ती लावून येतात. आदल्याच संध्याकाळी पोरं तोंडाला खोटं रक्त फासून बेल वाजवतात हे त्यांना सहन होत नाही, त्या दिवे मालवून आतल्या खोलीत बसतात. मला त्यांचं म्हणणं समजतं. आपल्याकडे सर्वपित्रीच्या दिवशी कावळ्यासाठी पान वाढून ठेवलंय आणि अंगणात कोणी सांगाड्याचा ड्रेस घालून नाचतंय असं झालं तर आपल्याला तरी आवडेल का.

दुकानदारांचा आरोपही खोटा नाही. १९९१ साली आखाती युद्धामुळे जर्मनीत कार्निव्हलच्या मिरवणुका रद्द झाल्या, ड्रेस आणि मुखवटे विकणाऱ्यांचा सीझन बुडाला, आणि मग नव्वदच्या दशकात याच धंद्यातल्या लोकांनी हॅलोवीन जोरात पुढे आणलं. हे इथे उघड बोललं जातं, कोणी लपवत नाही.

पण सण कसा आला यावरून तो ठेवायचा की टाकायचा हे ठरवलं तर अमेरिकेलाही हॅलोवीन सोडून द्यावं लागेल. मूळ गोष्ट आयर्लंड-स्कॉटलंडची, सुगी संपून थंडी सुरू होते त्या वेळचा साउइन नावाचा जुना सण आणि त्यावर चढलेला चर्चचा संतांचा दिवस. तिथे पोरं भोपळा नाही, सलगम कोरायची. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः आयर्लंडमधल्या १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात, लाखो लोक अमेरिकेत गेले, सोबत हे गेलं, तिकडे भोपळा मोठा आणि कोरायला मऊ म्हणून भोपळा आला. आणि घरोघरी जाऊन चॉकलेट मागायचं जे आज आपण हॅलोवीनचं मुख्य अंग समजतो ते अमेरिकेत सगळीकडे पसरलं दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये साखरेचं रेशनिंग उठल्यावर. म्हणजे माझ्या आजीच्या लग्नाच्या आसपासची गोष्ट. स्कॉटलंडमध्ये मात्र ते फार आधीपासून होतं, आणि तिथे नुसतं दारात उभं राहून काही मिळायचं नाही, गाणं म्हणा, कविता म्हणा, काहीतरी करून दाखवा, मग सफरचंद नाहीतर अक्रोड हातात पडायचे.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचा शिमगा आठवला. मी कुडाळकडची. शिमग्यात पोरं सोंगं घेऊन दारात यायची, कोणी आईची साडी नेसलेला, कोणी तोंडाला काजळ फासलेला, एकाच्या गळ्यात डबा तोच ढोल, आणि एका सुरात "आयना का बायना घेतल्याशिवाय जायना". आणि खरंच जायची नाहीत! आजी मुद्दाम उशीर करायची, आतून ओरडायची "काय्येक नाय हां आज", मग पोरांचा आवाज आणखी चढायचा, शेवटी ती पदराच्या गाठीतून सुट्टे पैसे काढून पोस्त द्यायची आणि प्रत्येकाला विचारायची तू कोणाचो रे. सोंगाखालचा पोरगा कोणाचा हे ओळखणं हा तिचा खेळ होता. एरवी ज्या घराशी बांधावरून भांडण असायचं त्या घरातला पोरगाही त्या दिवशी आमच्या खळ्यात येऊन पोस्त घेऊन जायचा आणि त्याला कोणी हटकायचं नाही.

मला वाटतं हॅलोवीनमध्ये घेण्यासारखं जे काही आहे ते एवढंच आहे. वर्षातून एक संध्याकाळ पोरांना कोणाचंही दार वाजवायची मुभा असते आणि मोठ्या माणसांना ते उघडायचं असतं. बाकी भुतं, कवट्या, प्लॅस्टिकचे कोळी, ते सगळं नसलं तरी काही बिघडत नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एकटे राहणारे एक गृहस्थ आहेत, जिन्यात "ग्रुस गॉट" या इथल्या नमस्कारापलीकडे कधी बोलले नव्हते. एका हॅलोवीनला माझा मुलगा आणि त्याच्या वर्गातल्या दोन मुली त्यांच्याकडे गेल्या, जाताना पाठ केलेलं "झ्यूसेस ओडर झाउरेस" (गोड नाहीतर आंबट, खाऊ मागायचं जर्मन वाक्य) ऐन वेळी तिघंही विसरले आणि नुसते उभे राहिले, तर ते गृहस्थच दारात उभे राहून त्यांना एकेक शब्द सांगायला लागले, मग आत जाऊन गोळ्यांचा डबा आणला आणि डबाच पुढे केला. तेव्हापासून माझा मुलगा त्यांना नावाने ओळखतो, किल्ली विसरला तर त्यांच्याकडे जाऊन बसतो. इतकी वर्षं एका छताखाली राहून आम्हा मोठ्यांना हे जमलं नव्हतं.

आणि शेजारच्या आजी? त्यांचं दार पोरांसाठी बंद आहे असं अजिबात नाही. ६ जानेवारीच्या आसपास बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचे मुकुट आणि झगे घालून पोरं येतात, गाणं म्हणतात, दाराच्या चौकटीवर घराला आशीर्वाद म्हणून खडूने साल आणि सी, एम, बी ही अक्षरं लिहितात आणि गरीब देशांतल्या मुलांसाठी डब्यात पैसे गोळा करतात. जर्मनीभर हा उपक्रम १९५९ पासून संघटितपणे चालतो. आजी त्या दिवशी सकाळपासून सुट्टे पैसे आणि चॉकलेट काढून ठेवतात, खडूची ती अक्षरं वर्षभर पुसत नाहीत. म्हणजे दार वाजवणारी पोरं त्यांना हवीच आहेत, फक्त त्यांच्या नवऱ्याच्या आठवणीच्या आदल्या रात्री नकोत. म्हणून आम्ही पोरांना बजावून ठेवलंय, दारात दिवा नसेल तिथे बेल वाजवायची नाही. एवढं पाळलं की कोणाचं मन दुखत नाही.

आता हेच दार काढून टाकलं तर काय उरतं ते बघा. टोकियोत शिबुयाला दरवर्षी हॅलोवीनला नुसती गर्दी जमायला लागली, २०१८ मध्ये लोकांनी एक छोटा ट्रक उलटा केला, पुढच्या वर्षी रस्त्यावर दारू प्यायला बंदी घालावी लागली आणि २०२३ मध्ये तिथल्या महापौरांनी जगाला हात जोडले की हॅलोवीनला शिबुयात येऊ नका. आणि सोलमध्ये २९ ऑक्टोबर २०२२ ला इतेवॉनच्या अरुंद गल्लीत चेंगराचेंगरी झाली, १५९ जीव गेले, बहुतेक विशी-तिशीतली मुलं. त्यात दोष सणाचा नव्हता, गर्दीचा बंदोबस्त नव्हता हा होता, तरी ती बातमी वाचताना मला सारखं वाटत होतं की या पोरांना त्या संध्याकाळी जायला रस्त्याशिवाय दुसरी जागा नव्हती.

पुण्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या सोसायटीत हॅलोवीन होतं ते क्लबहाउसमध्ये. डीजे, तिकीट, ऑनलाइन मागवलेले ड्रेस, बेस्ट कॉस्च्युमला गिफ्ट व्हाउचर, दोन तासांत सगळं आटपून पोरं घरी. २०२४ ला तर त्याच दिवशी नरकचतुर्दशी होती, पहाटे अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी झॉम्बी, तिकडे गोव्यात त्या पहाटे नरकासुर जाळून झाले होते. तिच्या सासूबाई चिडल्या आणि त्या चिडल्या यात मला काही चूक दिसत नाही, कारण त्या पार्टीत सणासारखं काही नव्हतंच. मी बहिणीला म्हटलं क्लबहाउस सोडा, पोरांना मजल्या-मजल्यावर फिरवा. तर म्हणते, "अगो ताय, पोरांका दारोदार सोडतलो कोण, कोण कोणाक वळखता हय?"

अगं म्हणूनच तर! चारशे फ्लॅटच्या सोसायटीत समोरच्या दाराआड कोण राहतं ते माहीत नाही, डिलिव्हरीवाल्याशिवाय कोणी बेल वाजवत नाही, आणि भोंडला पूर्वी दारोदार फिरायचा, खिरापत ओळखायला पोरी या घरातून त्या घरात जायच्या, तोही आता क्लबहाउसमध्येच बसलाय. मी तिला सांगितलंय की नाव हॅलोवीन ठेवा नाहीतर काहीही ठेवा, दिवाळीशी टक्कर होत असेल त्या वर्षी तारीख बदला, पण एका विंगपासून सुरू करा. ज्यांना पोरं आलेली चालतील त्यांनी दारावर कागदी भोपळा चिकटवायचा, बाकीच्यांना कोणी त्रास द्यायचा नाही, लहानांबरोबर एक मोठं माणूस, आणि काहीतरी म्हणून दाखवल्याशिवाय खाऊ नाही, मग श्लोक म्हणा, पाढा म्हणा, आयना का बायना म्हणा. खाऊही घरात असेल तो, चिक्की चालेल, लाडू चालेल. ज्येष्ठ नागरिकांच्या दारी आधी न्यायचं, त्यांच्याकडे कोणी येत नाही.

दसऱ्यानंतर त्यांच्या कमिटीची मीटिंग आहे, त्यात ती हे मांडणार आहे. सासूबाईंनी कागदी भोपळा आपल्या दारावर लावायला आत्ताच होकार दिलाय, फक्त कवटी नको म्हणाल्यात.