बाकी दोन

शाळेच्या फाटकात पहिल्या सकाळी मुलांचा एक घोळका समोर आला आणि एका सुरात म्हणाला, "शिकामो!" माझ्या मराठी कानांना त्यातलं 'शिका' तेवढं ऐकू आलं. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी हळूच सांगितलं, आता तुम्ही 'माराहबा' म्हणा. लहानांनी मोठ्यांना करायचा हा टांझानियातल्या स्वाहिली भाषेतला नमस्कार. 'शिका' म्हणजे धरणं. 'तुमचे पाय धरतो' असा त्याचा मूळ अर्थ, असं तिथले शिक्षक सांगतात. पुढचे तीन महिने वाटेत, दुकानात, नळावर, जिथे मूल भेटेल तिथे 'शिकामो' आलं आणि मी 'माराहबा' म्हणत गेले.

सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये चौतीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीचशी पहिली-दुसरीच्या वर्गात. निवृत्तीनंतर टांझानियात स्वयंसेवक शिक्षक म्हणून जायची संधी आली. मुंबई, आदिस अबाबा, किलिमांजारो असा प्रवास झाला. तिथून मोशी, आणि मोशीहून दालादालात, म्हणजे तिकडच्या वडापच्या गाडीत बसून मारांगूच्या रस्त्यावरचं एक गाव. जानेवारी होता. टांझानियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं.

ही किलिमांजारोची उतरण चाग्गा लोकांची. घराभोवती केळी, केळीच्या सावलीत कॉफी, त्यांच्यावर उंच झाडांचं छत, आणि डोंगरातल्या ओढ्यांवरून पिढ्यान् पिढ्या राखलेले पाण्याचे पाट. माझं माहेर कोकणातलं. पाटाचं पाणी बागेत वळवताना खोऱ्याने माती ओढल्याचा आवाज मी झोपेतही ओळखेन. तो आवाज तिथे पहिल्याच पहाटे ऐकला आणि अंथरुणात उठून बसले. बाहेर आले तर वर किलिमांजारोचं किबो शिखर मोकळं होतं. ५,८९५ मीटर उंच, माथ्यावर बर्फ. नऊ वाजेपर्यंत ते ढगात गेलं. रोज असंच. डोंगर बघायचा तर पहाटे नाहीतर संध्याकाळी.

ज्यांच्या घरी राहिले त्यांना सगळे 'मामा' म्हणत. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण. बाबा तेवढे आपल्यासारखेच बाबा. मामांच्या चुलीवर मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली, घेवडा आणि म्चिचा नावाची पालेभाजी शिजायची. म्चिचा म्हणजे आपला माठच. पहिल्या घासाला मी 'माठ!' म्हणाले आणि मामांनी तो शब्द पाठ करून ठेवला.

शाळा सरकारी, पहिली ते सातवी. २०१६ पासून टांझानियातल्या सरकारी शाळांत फी नाही. त्यामुळे घरी राहिली असती अशी कितीतरी मुलं वर्गात आली आणि वर्ग फुगले. आमच्या चौथीत सत्तरावर मुलं, एका बाकावर चौघं. सकाळी आधी झाडलोट, मग रांगा, राष्ट्रगीत, मग तास. मुख्याध्यापकांच्या खोलीत राष्ट्राध्यक्षांच्या तसबिरीशेजारी ज्युलियस न्येरेरे यांची तसबीर. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, पण राजकारणाआधी शाळामास्तर. आजही लोक त्यांना 'म्वालिमू' म्हणतात, म्हणजे गुरुजी. ज्या देशाने आपल्या राष्ट्रपित्याला गुरुजी हीच पदवी दिली, तिथल्या शिक्षकखोलीत बसताना मला फार बरं वाटायचं.

पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून एक चूक झाली. पालकसभा 'सा न्ने'ला, म्हणजे चार वाजता, असं कळलं होतं. चारला पोचले तर शाळा रिकामी. स्वाहिली घड्याळ सूर्य उगवल्यावर सुरू होतं: सकाळचे सात म्हणजे एक, दहा म्हणजे चार. सभा सकाळी दहालाच होऊन गेली होती. शेतातलं काम टाकून आलेल्या आयांना मी भेटू शकले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. विषुववृत्ताजवळ दिवस-रात्र जवळपास सारखीच असते, त्यामुळे ही मोजणी तिथे अगदी सरळ आहे.

मला चौथीचं इंग्रजी दिलं होतं. दोन आठवडे शिकवलं आणि मीच नको म्हटलं. मुलं माझ्यामागून वाक्यं म्हणत होती, पण एखाद्याला कुठे अडलं तर ते विचारायला त्याच्याकडे इंग्रजी नव्हतं आणि समजून घ्यायला माझ्याकडे स्वाहिली नव्हतं. पाहुणी आली म्हणून वर्गाच्या बाई मागे उभ्या राहत होत्या, आणि त्या माझ्याहून चांगल्या शिक्षिका होत्या. मी त्यांना म्हटलं, तुम्ही फळ्यापाशी उभ्या राहा, मी शेवटच्या बाकावर बसते. तीन महिन्यांसाठी बाहेरून येणाऱ्या माणसाची जागा तीच, असं माझं मत आहे. फळा त्या वर्गाच्या बाईंचा. बाईंच्या टेबलावर छडी होती. तिच्याबद्दल मात्र मी मुलांसमोर नाही, पण शिक्षकखोलीत स्पष्ट बोलले. आपल्याकडे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने मारणं बंद केलं आणि त्यामुळे वर्ग बिघडले नाहीत, हे मी स्वतः पाहिलं आहे. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

शेवटच्या बाकावर माझं खरं काम सुरू झालं. काड्यांचे दहादहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या. आपले दशक-एकक म्हणजे तिकडचे 'माकुमी' आणि 'मामोजा'. या मुलांना मोठ्या संख्या वाचायला किती सोपं जातं, ते तिथे कळलं. ४७ म्हणजे 'आरोबाइनी ना साबा', चाळीस आणि सात. जसं लिहायचं तसंच बोलायचं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी परोपरीने समजावून सांगितलं. मी तेव्हा दुसरीलाच होते. 'सत्तेचाळीस' ऐकून ७४ लिहिणारी मुलं दरवर्षी माझ्या वर्गात असायची, म्हणून मी त्या बदलाच्या बाजूने होते आणि पालकांशी वादही घातला होता. त्या वादाचं उत्तर मला किलिमांजारोच्या पायथ्याशी, नऊ-दहा वर्षांच्या पोरांच्या तोंडी रोज ऐकायला मिळत होतं.

संध्याकाळी मामांची मुलगी वह्या घेऊन बसायची. सातवी उत्तम पास होऊन ती नुकतीच माध्यमिक शाळेत जाऊ लागली होती. टांझानियातल्या सरकारी शाळांत सातवीपर्यंत इंग्रजी सोडून सगळं स्वाहिलीत आणि पुढे एकदम जवळपास सगळे विषय इंग्रजीत. एका जानेवारीत मुलाची भाषा बदलते. एके दिवशी ती इंग्रजीतलं गणित पुढ्यात घेऊन गप्प बसली होती. ४७ला ५ने भागा, भागाकार आणि बाकी सांगा. 'रिमेंडर' या शब्दावर तिची पेन्सिल अडली होती. मी मोडक्या स्वाहिलीत म्हटलं, "गावान्या," भाग. तिने झरकन भागलं, नऊ लिहिले आणि म्हणाली, "बाकी म्बिली."

बाकी दोन.

मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. बाकी! चौतीस वर्षं मी फळ्यावर लिहिलेला शब्द, जसाच्या तसा. हिशेबाला त्यांच्याकडे 'हेसाबू', पैशाला 'पेसा', लाखाला 'लाकी', तयारला 'तायारी'. वहीला 'दाफ्तारी', तिने ती मागितली तेव्हा मी दप्तर शोधायला उठले होते. हिंदी महासागरातून शतकानुशतकं गलबतं गेली-आली, त्यांच्याबरोबर अरबी, फारसी, हिंदुस्थानी शब्द दोन्ही किनाऱ्यांवर उतरले. त्या रात्री कंदिलाच्या उजेडात आम्ही दोघी एकाच शब्दाने भागाकार करत होतो. मध्ये जो शब्द अडला तो दोघींनाही परका.

मी स्वतः मराठी माध्यमातली. अकरावी विज्ञानला पहिल्या सहामाहीत वर्गात तोंड उघडलं नव्हतं. उत्तर यायचं, शब्द यायचा नाही. ती मुलगी मला माझ्याच बाकावर बसलेली दिसत होती. न्येरेरे यांनी शेक्सपिअरचं 'ज्युलियस सीझर' स्वाहिलीत आणलं, ते १९६३ मध्ये छापलं गेलं. ज्या भाषेत सीझर बोलू शकतो, तिच्यात भूमिती आणि रसायनशास्त्र बोलू शकणार नाही हे मला पटत नाही. इंग्रजी हवीच, तिला आणि तिच्या वर्गातल्या सगळ्यांना हवी. पण समजलेलं गणित हिरावून घेऊन नको.

आम्ही वहीत शब्दांच्या जोड्या लिहायला घेतल्या, एका बाजूला स्वाहिली, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. तिसरा रकाना मराठीचा, हा तिचा हट्ट. एकदा चौथीच्या बाई घरी आल्या, त्यांनी वही चाळली आणि काही न बोलता घेऊन गेल्या. दोन दिवसांनी पुठ्ठ्याचा मोठा तक्ता करून आल्या, आणखी वीसेक शब्द स्वतः घालून. म्हणाल्या, हा सातवीच्या वर्गात हवा, मुलं पुढच्या शाळेत जायच्या आधी.

मार्चमध्ये मोठा पाऊस सुरू झाला. माझ्या शेवटच्या शनिवारी आम्ही तिघींनी तो तक्ता लावला. सातवीच्या खिडक्यांना काचा नाहीत, म्हणून झड पोचणार नाही अशी जागा शोधली, फळ्याच्या डावीकडे, जरा खाली, म्हणजे बुटक्या मुलांनाही वाचता येईल. मराठीचा रकाना बाईंनी गाळला होता. मुलीने खिशातून खडू काढला आणि 'बाकी'च्या ओळीपुढे, पुठ्ठ्याच्या कडेला, मी शिकवलेल्या देवनागरीत तो शब्द पुन्हा लिहिला.