आठ माणसं, वीस हंडे

बुधवार, रात्री

भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे बघायचे तर मे अखेरपासून मृगाचा पाऊस धरेपर्यंत, एवढेच दिवस. अकोले तालुक्यातल्या डोंगरगावांत पाण्याचे सगळ्यात कठीण दिवसही नेमके हेच. इथलं प्रवरा नदीवरचं धरण १९२६ सालचं, पण त्याचं पाणी खालच्या बागायतीला. घाटघर, रतनवाडीकडे पावसाळ्यात पाऊस नुसता कोसळतो आणि कातळावरून वाहून जातो. मे महिन्यात वरच्या वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात आणि बाया पहाटेच हंडे घेऊन निघतात. म्हणून गाडीचा, जागेचा विचार नंतर. आधी पाण्याचा हिशेब.

आठ माणसं, वाडीतल्या एखाद्या घरी एक मुक्काम. आंघोळीला माणशी एक बादली, १५ लिटर धरली तरी १२०. संडासला माणशी दोन वेळा, प्रत्येकी ५ लिटर, म्हणजे ८०. पिण्याचं माणशी ३ लिटर, २४. स्वयंपाक आणि भांडी ४०. एकूण २६४ लिटर. हंड्यात साधारण १३ लिटर बसतं, म्हणजे वीस हंडे. एक डोक्यावर, एक कमरेवर असं धरलं तरी विहिरीच्या दहा खेपा, आणि त्या घरच्या बाईच्या. घरचं पाणी वेगळंच.

एका रात्रीसाठी आंघोळ नाही केली तर काही बिघडत नाही. १२० लिटर तिथेच वाचले. वाटेतल्या घोटी गावात २० लिटरचे दोन जार भरून गाडीत टाकले की उरतात १०४ लिटर, आठ हंडे, चार खेपा. चार खेपाही कमी नाहीत, पण दहापेक्षा बऱ्या. फोनवर ‘पाण्याची सोय आहे का?’ असं विचारू नये, उत्तर ‘आहे की’ असंच येतं. पाहुण्याला कोण नाही म्हणेल? ‘विहीर किती लांब आहे? टँकर येतो का, कुठल्या वारी?’ असं विचारलं की खरं कळतं.

गुरुवार

जेवण दोन दिवस आधी सांगायचं, आकड्यासकट. आठ जणांना माणशी दोन म्हणजे सोळा भाकरी, दोन वाढीव, अठरा. किलोभर नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाच्या आठ-नऊ भाकरी होतात, म्हणजे दोन किलो पीठ. ते दळून आणायचं तर गिरणी चालू हवी आणि गिरणीला वीज हवी. संध्याकाळी अचानक ‘आठ जण येतोय’ कळवलं की ती बाई शेजारी पीठ मागत फिरते.

नागलीला चिकटपणा नाही. कढत पाण्यात पीठ मळावं लागतं, नाहीतर थापताना कडा चिरतात. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि मग निखाऱ्यापाशी उभी करून फुगवायची. एकीला चार मिनिटं धरली तर अठरा भाकरींना सव्वा तास, तोही मे महिन्यात चुलीपुढे. म्हणून एका वेळी एकच कालवण सांगावं, हुलग्याचं किंवा घरात असेल त्याचं. ‘गावरान कोंबडी मिळेल का?’ हा प्रश्न आपण काढू नये, त्यांनी काढला तर बघावं. जनावरं आटलेली असतात, चहा कोरा येईल. तो घ्यावा.

पैशाचं फोनवरच ठरवावं. जेवण झाल्यावर ‘किती द्यायचे?’ विचारलं की ‘द्या तुम्हाला वाटेल ते’ असंच म्हणतात, आणि तिथे दोन्हीकडून अवघडल्यासारखं होतं. माणशी जेवणाचे किती, झोपायच्या जागेचे किती, पाणी भरायचे किती, तिन्ही वेगवेगळं विचारावं. आणि घासाघीस अजिबात नको. रोख न्यावी, शंभर-पन्नासच्या नोटांत, कारण रेंज नसली की स्कॅन करून काही होत नाही. आणि जिने रांधलं तिच्या हातात द्यावी.

शुक्रवार

शनिवार टाळायचा. शनिवारी रात्री धरणाभोवतीच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात, दिव्यांच्या झोतात काजवे दिसत नाहीत आणि गावाला झोप मिळत नाही. अमावस्येच्या जवळचा मंगळवार-बुधवार बघावा. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा आत जायच्या-यायच्या वेळा वनविभागाच्या नाक्यावर त्याच आठवड्यात विचाराव्यात.

काजव्यांचं लुकलुकणं हे नराचं मादीला बोलावणं असतं. बऱ्याच जातींच्या माद्या खाली गवता-झुडपांत बसतात. हिरड्या-सादड्याच्या झाडांखाली फोटोसाठी माणसं घुसली की त्याच पायाखाली जातात, आणि झगझगीत उजेडात नराची खूण मादीला दिसत नाही. बॅटरीला लाल जिलेटीन कागद दुहेरी लावायचा, झोत पायापुढे. पायवाट सोडायची नाही. देवराई लागली तर काडीसुद्धा उचलायची नाही.

अंधारात बूट हवेतच. फुरसं पायाखाली येतं, आणि मण्यार रात्री अंथरुणात शिरते. जमिनीवर झोपायचं तर प्रत्येकाला मच्छरदाणी, कडा अंथरुणाखाली खोचलेल्या. साप चावलाच तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, हात-पाय हलवू द्यायचा नाही आणि १०८ला फोन. त्यासाठी गावात पोचल्या पोचल्या दोन गोष्टी विचारून ठेवाव्यात: रेंज कुठल्या टेकाडावर मिळते आणि सापाची लस जवळच्या कुठल्या दवाखान्यात आहे.

मुलांसाठी चॉकलेटं नकोत. एकदा वाटली की पुढच्या प्रत्येक गाडीमागे मुलं धावतात. वह्या द्यायच्या तर शाळेत गुरुजींना विचारून, आणि मे महिन्यात शाळाच बंद. जुने कपडेही नकोत. विहिरीवर कॅमेरा काढायचा नाही. इतर ठिकाणी ‘मावशी, फोटो काढू का?’ विचारायचं आणि मान हलली तरच काढायचा. जात विचारायची नाही. राब (पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळतात ते) भाजून झाले का, पाऊस कधी धरेल, हे विचारलं की गप्पा आपोआप सुरू होतात. दारू गाडीतही नको. पॅड, बाटल्या, पाकिटं यांच्यासाठी दोन जाड पिशव्या, भरून घोटीपर्यंत परत आणायच्या.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा एक फोन. लग्नसराई आहे, घरात आजारपण किंवा सुतकही निघू शकतं. मग ‘आम्ही ओसरीवर झोपू, त्रास देणार नाही’ असला आग्रह करायचा नाही, पुढची तारीख विचारायची. नागली तोवर दळून आणली असेल तर पिठाचे आणि दळणाचे पैसे तेवढे पोचते करायचे.