गवत छान आलंय

फॅमिली ग्रुपवर मी सुप्याचा फोटो टाकला आणि पहिलं उत्तर आत्याचं आलं : "गवत छान आलंय यंदा."

त्या फोटोत चिंकारा होता, म्हणजे माळावरचं छोटं हरीण. बरोब्बर मधोमध, थेट कॅमेऱ्याकडे बघत उभा. आत्याला टोमणाच मारायचा असता तर तिने एवढ्या थोडक्यात आटोपलं नसतं. म्हणजे बाईंना तो खरंच दिसला नव्हता.

बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं. माळ, कुसळं, बाभळी, हिवर. पुण्याहून पहाटे निघालं की उन्हं वर यायच्या आत पोचता येतं. सुरुवातीची काही वर्षं मी तिथे मोठी लेन्स लावून चिंकाऱ्यांचे पासपोर्ट फोटो काढले. डोळा, पापण्या, शिंगांवरची वळी, आणि मागे सगळं दुधासारखं पुसट. लोक वाहवा करायचे. मग एकदा जाणवलं, की हा फोटो प्राणीसंग्रहालयात काढलाय म्हणून सांगितलं असतं तरी चाललं असतं. तेव्हा लहान लेन्स घेतली, फ्रेममध्ये अख्खा माळ घेतला, आणि चिंकारा गायब.

यात त्याची चूक नाही, न दिसणं हाच त्याचा धंदा आहे. शाळेत चित्रकलेच्या तासाला चेंडू काढताना आपण वर उजेड ठेवायचो आणि खाली पेन्सिलने सावली घासायचो, त्याने चेंडू गोल दिसायचा. चिंकारा याच्या नेमका उलटा रंगवलाय. पाठ तांबूस, पोट पांढरं. वरून ऊन पडलं की पाठ उजळते, पोट सावलीत जातं, दोन्हींची छटा एक होते आणि गोलाई पुसली जाते. उरतं ते गवताच्या रंगाचं एक चपटं ठिगळ. ही युक्ती १८९६ मध्ये नीट मांडली ती ॲबट थेअर या अमेरिकन चित्रकाराने. सावली घासण्यात ज्याचा जन्म गेला, त्यालाच ती कशी खोडतात हे कळणार. पुढे गडी वाहवत गेला. रोहित पक्षी गुलाबी असतात ते पहाटेच्या आणि संध्याकाळच्या आभाळात लपायला, असं म्हणू लागला, आणि अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट याने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. भिगवणला भर दुपारी पाण्यात उभे असलेले रोहित पाहिलेला कुणीही रूझवेल्टच्याच बाजूने जाईल.

तर आत्याच्या उत्तरानंतर मी संगणकावर बसलो आणि सगळे नवशिके करतात तेच केलं. कॉन्ट्रास्टचा स्लायडर उजवीकडे ओढला. झालं काय, की कुसळाची काडी न् काडी वेगळी उठून आली आणि चिंकारा आणखी खोल बुडाला. स्लायडर बिचारा सगळ्यांनाच वाढतो, त्याच्या पंगतीत हरीण आणि गवत एकाच पाटावर. मग रंग काढून फोटो कृष्णधवल करून पाहिला. ही खोड मात्र सगळ्यांनी लावून घ्यावी अशी आहे. तांबूस आणि पिवळं यांत डोळ्याला जो थोडाफार फरक वाटत होता, तो राखाडीत उरलाच नाही. हरणांना वाघाचा नारिंगी रंग गवतासारखा हिरवटच दिसतो म्हणतात. माझ्या फोटोत हरणाचं तेच झालं होतं.

पुढच्या खेपेला बरोबर गावातला एक पोरगा वाट दाखवायला होता. गाडीच्या खिडकीत मटकी भरलेली पिशवी, तिच्यावर कॅमेरा, अशी माझी बैठक. तो म्हणाला, "सर, खाली उतरा. टेकाडाच्या या अंगाला बसा. आणि हरीण नका शोधू, शेपटी शोधा."

खाली बसल्यावर उमगलं. गाडीतून माझी नजर हरणावर उतरत होती, त्यामुळे त्याच्यामागे कायम गवतच. शिवाय जुन्या फोटोंत क्षितिजाची रेघ सुरीसारखी त्याच्या मानेतून गेलेली. जमिनीला टेकलो, तेव्हा टेकाडावरच्या मादीचं डोकं आणि कान गवत सोडून आभाळात गेले. ऊन तिच्या पाठीमागून येत होतं. कानांच्या कडा पेटल्या, अंग काळपट झालं. मी फ्रेम जरा डावीकडे सरकवली, ती बघत होती तिकडे माळ मोकळा ठेवला. उन्हाला पोटावरचा पांढरा हिशोब जुळवता येतो तो डोक्यावरून आलं तरच.

आणि शेपटी. चिंकाऱ्याच्या अंगावर गवतात न मिसळणारं काही असेल तर ती काळी, बोटभर शेपटी. ती सारखी हलते, एखादी माशी हाकलावी तशी. पोरगा कुजबुजला, "थांबा." शेपटी एका बाजूला गेली, मागचा पांढरा भाग उघडा पडला, त्याच्यावर तो काळा फटकारा. मी बटण दाबलं. एकच फोटो मिळाला, दुसऱ्याला ती टेकाडापलीकडे.

घरी आल्यावर स्लायडरला हात लावला नाही. नुसतं खालचं गवत किंचित मंद केलं, आणि ग्रुपवर टाकला.

आत्याचं उत्तर तासाभराने आलं. "हरीण छान. मागे ते काळं काय बसलंय? लेन्स पुसत जा रे."