मे महिन्याची सुट्टी आणि तिथीची पाऊणपट

कोकणात सुट्टीला आलेली मुलं सकाळी डोळे चोळत पहिला प्रश्न विचारतात, "आज समुद्रावर कधी जायचं?" घड्याळ बघून याचं उत्तर देऊ नका. भिंतीवरच्या कालनिर्णयात आजची तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल, तितक्या वाजता पूर्ण भरती. आज चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि पहाटेही तीनच्याच सुमारास. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब एकच. भरतीच्या आधी आणि नंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे होतो आणि खाडीत जितकं आत जावं तितकी भरती उशिरा पोचते, पण सुट्टीचे बेत ठरवायला एवढं पुरतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पाऊणपट करता येते, तेव्हा हे काम त्याच्याकडेच सोपवावं.

मुळं काढायला द्वितीया, तृतीया आणि फार तर चतुर्थी. मुळं म्हणजे वाळूत राहणारे खायचे शिंपले. रत्नागिरीकडे ज्यांना मुळे म्हणतात, त्याच मालवणकडच्या तिसऱ्या. या दिवसांत भरती दुपारी दीड ते तीनच्या दरम्यान येते, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वासात ते पावणेनऊला. शिवाय उधाणाचा सगळ्यात मोठा उतार पौर्णिमा-अमावास्येच्या नेमक्या दिवशी न होता एखाद-दोन दिवसांनी होतो. त्यामुळे एरवी पाण्याखाली राहणारा खाडीतला वाळूचा पट्टा उघडा पडतो आणि ऊनही कोवळं असतं. महिन्यातून दोनदाच जुळणारा हा योग मी तरी चुकवू देणार नाही.

ओहोटीच्या वेळेआधी तासभर पट्ट्यावर पोचावं आणि उतरत्या पाण्यामागून पुढे सरकावं. ओल्या वाळूवर शेजारी शेजारी दोन बारीक भोकं दिसली की खाली शिंपला आहे. तो चार-पाच बोटं खोल असतो. मोठ्यांनी खुरप्याने वाळू बाजूला करावी. मुलांना टाचेने वाळू घोळायला शिकवावं, कडक गोटा लागला की हाताने उकरायचं. रुपयाच्या नाण्याहून लहान निघालेला शिंपला तिथेच परत पुरायचा, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा आणि मोडू देऊ नये. गावाचं सांडपाणी जिथे खाडीला मिळतं तिथे आणि होड्यांच्या धक्क्याजवळ मुळं काढू नयेत. शिंपला पाणी गाळून जगतो, त्यामुळे पाण्यातली घाण त्याच्या पोटात साठते.

पाणी फिरलं की लगेच काठाकडे निघायचं. भरतीच्या पहिल्या तासात पाणी हळू चढतं, म्हणून माणूस गाफील राहतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून एकूण चढाच्या निम्मं पाणी आत येतं. पट्टा आणि काठ यांच्यामध्ये बहुधा एक खोलगट चर असतो आणि तो पट्ट्याच्या आधी भरतो. जाताना चर घोट्याएवढा होता म्हणून येतानाही तेवढाच असेल असं धरून चालू नये. पायात पट्ट्यांची चप्पल किंवा जुने कॅनव्हासचे बूट हवेत, कारण खडकाला चिकटलेल्या कालवांची धार ब्लेडसारखी कापते. उथळ पाण्यातून चालताना पाऊल न उचलता घासत न्यावं. वाळूत दबून बसलेलं पाकट (एक चपटा मासा) त्या हालचालीने पळतं, पण त्याच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं. काटा लागलाच तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवावा, वेदना कमी होतात. पाणी आधी मोठ्या माणसाने हात घालून बघावं, नाहीतर पाय भाजायचा. त्यानंतर डॉक्टरकडे न्यायचंच.

घरी आणलेली मुळं साध्या पाण्यात टाकणं ही नेहमीची चूक. गोड्या पाण्यात शिंपले मिटून बसतात आणि रेती पोटातच राहते. येताना कॅनमधून खाडीचं पाणी आणावं. ते नसेल तर लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे मीठ घालावं. पसरट परातीत, सावलीत, तीन-चार तास ठेवावं. खोल भांड्यात झाकून रात्रभर ठेवली तर ती गुदमरून मरतात. शिजवण्याआधी उघडा दिसलेला शिंपला टिचकी मारूनही मिटला नाही तर टाकून द्यायचा. वाफ दिल्यावर जो उघडत नाही तोही टाकायचा.

पोहण्या-डुंबण्याचे दिवस वेगळे. षष्ठीपासून नवमीपर्यंत भांग असतो, म्हणजे चढ-उतार कमी आणि पाण्याला ओढही कमी. या चार दिवसांत भरती संध्याकाळी साडेचार ते पावणेसातच्या दरम्यान येते. पाणी चढत असताना मुलांना उतरवावं आणि पूर्ण भरतीच्या अर्धा तास आधी बाहेर काढावं, कारण भरलेल्या पाण्यात लाट थेट उतारावर फुटते आणि लहान मूल आडवं पडतं. उतरत्या पाण्यात, विशेषतः खाडीच्या मुखाशी, कधीच नाही. ओहोटीला सगळी खाडी त्या अरुंद तोंडातून रिकामी होते. तिथे पट्टीचा पोहणाराही उलटा येऊ शकत नाही.

किनाऱ्याचा स्वभावही बघावा. दापोलीजवळचा कर्दे-मुरूडचा किनारा सपाट आहे, लांबवर चालत जाता येतं. गणपतीपुळ्याचा किनारा बघायला सुंदर, पण डुंबायला धोक्याचा. तिथे पाण्यात न शिरणं हेच शहाणपण. लाटा ओळीने फुटत असताना मध्येच एखादी फट गुळगुळीत आणि गडद दिसते. नवख्याला ती शांत जागा वाटते, पण किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच जोरात मागे जात असतं. त्या ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे हात मारून दमायचं नाही. उताणं तरंगायचं, एक हात वर करायचा आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरकायचं. हे मुलांकडून कोरड्या वाळूवर पाठ म्हणवून घ्यावं. दोन मुलांमागे एक मोठं माणूस असावं आणि ते मुलांच्या समुद्राकडच्या बाजूला उभं असावं, किनाऱ्यावर मोबाईल घेऊन बसलेलं नव्हे. पाणी मुलाच्या कमरेच्या वर नको. बरोबर पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन आणि दहा-बारा मीटर दोरी ठेवावी. कोणी ओढीत गेलं तर आपण उडी टाकण्याआधी दोरी बांधलेला कॅन फेकायचा. तो धरून माणूस आरामात तरंगतो.

चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या हे क्रिकेटचे दिवस. ओहोटी पावणेपाच ते साडेपाचला येते आणि सात वाजता सूर्य बुडेपर्यंत टणक ओली वाळू मिळते. जिथे टाच अर्ध्या इंचाहून जास्त रुतत नाही तिथे खेळपट्टी आखावी. टेनिसचा चेंडू पाणी पिऊन जड होतो, रबरी चेंडूच बरा. स्टंपला सुरूच्या बनात पडलेल्या काटक्या चालतात. वेळास, आंजर्ल्यासारख्या गावांत मेच्या सुरुवातीलाही कासवांची एखादी उशिराची घरटी असू शकतात. तिथे भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत खणायचं नाही आणि जाळीच्या कुंपणाजवळ खेळायचं नाही.

पंचमीला गरवायला जावं. भरती पावणेचारला, म्हणजे तीन ते पाच हा गरी टाकायचा उत्तम वेळ. आमिषाला सोललेली कोळंबी. मुलांच्या गरीचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा, म्हणजे बोटात घुसली तरी सुटते. मासे थोडे जास्त निसटतील, निसटू द्यावेत.

दशमी ते द्वादशी मात्र समुद्राचा नाद सोडावा. ओहोटी दुपारी पावणेदोन ते सव्वातीनच्या उन्हात येते आणि कोरडी वाळू पाय भाजते. हे दिवस सड्यावरचे, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावरचे. सकाळी साडेसहाला निघून साडेनऊला परत, त्यानंतर कातळ तापतो. करवंदं पूर्ण काळी आणि बोट लावताच देठ सोडणारीच काढावीत. लालसर काढली तर चीक हाताला आणि ओठांना चिकटतो. निघतानाच बोटांना खोबरेल लावावं, परत आल्यावर तेल चोळूनच चीक काढावा. नुसत्या साबणाने तो पसरतो. करवंदाच्या जाळीत हात घालण्याआधी काठीने बुंधा हलवून घ्यावा. आपल्या कातळसड्यावर फुरसं भरपूर आहे आणि ते रंगाने दगडाशी इतकं मिळून जातं की दिसत नाही. दगड हाताने उलटायचा नाही, बूट घालायचे. चावलंच तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही. माणसाला न चालवता थेट ज्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे तिथे न्यायचं. कुठे आहे ते सुट्टी सुरू होतानाच विचारून ठेवावं.

काजूच्या बिया गोळा केल्या असतील तर त्या अंगणातच भाजायच्या, घरात नाही. टरफलातलं तेल कातडी जाळतं आणि त्याचा धूरही डोळ्यांना झोंबतो. बिया दोन-तीन दिवस उन्हात वाळवाव्यात. भोकं पाडलेला पत्रा तीन दगडांवर ठेवून त्यात लांब काठीने हलवत भाजाव्यात. तेल पेट घेतं, तो जाळ अपेक्षितच आहे. बिया काळ्या झाल्या की पत्रा जमिनीवर उलटा करून वर राख टाकावी. राख जाळ विझवते आणि उरलेलं तेलही शोषते. मुलांनी वारा पाठीवर घेऊन लांब उभं राहायचं आणि फोडायला बसायचं ते बिया गार झाल्यावर, हाताला राख चोळून. ओल्या बियांचे गर काढणं मोठ्यांचं काम.

एरवी अकरा ते चार सावलीत राहावं. पण अंगणातल्या उन्हाचा उपयोग करावा. रातांब्याचं अमृत कोकम मुलांना पूर्ण जमतं. लालबुंद, न चेचलेले रातांबे धुऊन कपड्याने कोरडे करायचे, मधोमध कापायचे, बिया आणि गर वेगळा काढायचा. किलोभर साली असतील तर दोन किलो साखर. प्रत्येक वाटीत साखर भरून काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत थर लावायचे, तोंडाला फडकं बांधून आठवडाभर उन्हात ठेवायचं, रोज लाकडी चमच्याने वर-खाली करायचं. बरणीत पाण्याचा थेंब राहिला तर बुरा येतो. साखरेत काटकसर केली तर रस फसफसतो. अॅल्युमिनियमचं किंवा पितळेचं भांडं नको, आंबट रस त्याला खातो. गाळताना थोडं मीठ आणि जिरेपूड घालावी.

आंबापोळी बिघडते ती घाईने. रायवळ आंब्याचा रस चाळणीतून गाळायचा, फार आंबट असेल तर चार वाट्यांना एक वाटी साखर घालायची आणि तूप लावलेल्या ताटात पातळ पसरायचा, दोन नाण्यांच्या जाडीएवढा. जाड थरावर साय धरल्यासारखा पापुद्रा येतो, खाली ओल राहते आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास सुटतो. पहिला थर बोटाला चिकटेनासा झाला की दुसरा. वर जुन्या साडीचं पातळ कापड ताणून बांधावं, ते रसाला टेकता कामा नये. चार वाजता, हवेत दमटपणा वाढण्याआधी, ताटं आत घ्यावीत. कावळे राखायचं काम धाकट्यांचं. फणसपोळी करायची तर बरका फणस घ्यावा, काप्याचा रस निघत नाही. मेच्या 20 तारखेनंतर ढग दाटायला लागतात, तेव्हा नव्या ताटाला हात घालू नये.

शेवटच्या आठवड्यात वळवाचे दोन शिंतोडे पडले की रात्री काजवे दिसू लागतात. त्यासाठीही तिथीच बघावी. अमावास्येच्या आसपासचे दिवस सगळ्यात चांगले, पौर्णिमेला चांदण्यात ते फिके पडतात. रात्री आठ ते दहाच्या दरम्यान गावाबाहेर, दिव्यांपासून लांब, पाणी मुरलेल्या जागेजवळच्या झाडांखाली जावं. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद दुहेरी लावावा आणि उजेड पायाशीच ठेवावा. जागेवर पोचल्यावर तोही बंद करून दहा मिनिटं गप्प उभं राहावं, डोळे सरावायला तेवढा वेळ लागतो. बाटली घरीच ठेवावी, काजवे पकडायचे नसतात. त्यांचं लुकलुकणं जोडीदाराला बोलावण्यासाठी असतं आणि त्यांच्याकडे त्यासाठी थोडेच दिवस असतात.